बाजू घ्या, माईक नको!

परीक्षांचा सीझन आला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'अर्जंट! उद्या सकाळी साडेदहाच्या पेपरला रायटर हवा आहे. मुलगा अंध आहे. प्लीज फॉरवर्ड.' तुम्हीही तो कधीतरी पुढे ढकलला असेल, खाली हात जोडलेले दोन इमोजी टाकले असतील. तुमच्यातलं कुणी खरोखर गेलंही असेल आणि चार तास बसून पेपर लिहून आलं असेल. चांगलंच आहे ते. पण एक प्रश्न कधी पडलाय का? पेपर उद्या आहे, तर हा मुलगा आज रात्री नऊ वाजता रायटर का शोधतोय? तुम्ही उजळणी करत असता त्या वेळात तो अनोळखी लोकांना फोन लावत बसलेला असतो. टाइमटेबल कधीचं लागलेलं होतं. त्याला दिसत नाही हे ऑफिसला ॲडमिशनच्या दिवसापासून माहीत होतं. मग?

हा 'मग?' योग्य माणसाला, योग्य वेळी आणि कागदावर विचारता येणं हे एक कौशल्य आहे आणि ते शिकता येतं. रायटर म्हणून जाऊन बसणं ही मदत झाली. पुढच्या सेमिस्टरला तो मेसेज फिरवायची वेळच येऊ नये अशी सोय लावून घेणं ही ॲडव्होकसी. मराठीत वकिली म्हटलं की काळा कोट डोळ्यांपुढे येतो, म्हणून आपण तिला 'पाठपुरावा' म्हणू या. शब्द जरा सरकारी आहे, मान्य. पण काम खरोखर तसंच आहे, मागे लागून राहण्याचं.

आधी विचारा

समजा, तुमच्या वर्गातली एक मुलगी पायाला कॅलिपर लावून, कुबडी घेऊन येते. लेक्चर तिसऱ्या मजल्यावर. तुम्हाला ते बघवत नाही. लगेच डोक्यात प्लॅन तयार होतो. उद्याच प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनवर धडकायचं, तिचा जिना चढतानाचा व्हिडिओ काढायचा, रील टाकायचं, हॅशटॅग चालवायचा. थांबा. तिला विचारलंत का?

कदाचित तिसऱ्या मजल्याचं तिला काहीच वाटत नसेल. सवयीने ती तुमच्यापेक्षा दोनच मिनिटं उशिरा पोचत असेल. तिचा खरा त्रास वेगळाच असू शकतो. उदाहरणार्थ, मुलींच्या स्वच्छतागृहात फक्त भारतीय पद्धतीचे संडास आहेत आणि कमोड असलेलं एकमेव बाथरूम स्टाफसाठी म्हणून कुलपात आहे. म्हणून ती सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत पाणीच पीत नाही. हे ती सगळ्या वर्गासमोर सांगणार नाही. पण कॅन्टीनमध्ये शांतपणे, 'तुला कॉलेजमध्ये कशाचा त्रास होतो गं? काही करता येण्यासारखं आहे का?' असं विचारलंत तर कदाचित सांगेल. मग तुमची लढाई लिफ्टची उरत नाही, एका किल्लीची होते. लिफ्टला वर्षं लागतात, किल्ली आठवड्याभरात मिळू शकते.

आणि ती 'काही नको, राहू दे' म्हणाली तर? राहू द्यायचं. हे पचायला जड जातं, कारण आपल्याला अन्याय दिसलेला असतो. पण तुम्ही आवाज चढवून संध्याकाळी घरी जाता. तिला इंटर्नलचे मार्क त्याच मॅडमकडून घ्यायचे असतात, बोनाफाईड त्याच खिडकीवरून. तीन वर्षं तिथेच काढायची असतात. 'ती ना, कंप्लेंट करणारी' हा शिक्का तिच्या कपाळावर बसतो, तुमच्या नाही. त्यामुळे कधी बोलायचं, किती बोलायचं, नाव घ्यायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा. तिच्या सर्टिफिकेटवर किती टक्के लिहिलेत, आजाराचं नाव काय, हे तिने तुम्हाला सांगितलं म्हणजे ग्रुपला सांगायची परवानगी दिली असं होत नाही.

रोजच्या वागण्यातही हेच. अंध मित्राचा दंड धरून त्याला ओढत नेऊ नका. आपला कोपर त्याच्या हाताला लागू द्या, तो धरून तो अर्धं पाऊल मागून येईल. व्हीलचेअर हा तिच्या शरीराचाच भाग समजा, न विचारता ढकलू नका, टेकूही नका. ऐकू न येणाऱ्या मित्राशी बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा, मधल्या माणसाकडे बघून 'त्याला विचार ना' असं म्हणू नका. तोतरं बोलणाऱ्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, त्याला ते येतं.

शब्दांचंही तसंच. सरकारी कागदांवर हल्ली 'दिव्यांग' लिहितात. काहींना तो आवडतो. काहींना त्या 'दिव्य'चा राग येतो, त्यांना साधा 'अपंग' शब्द चालतो. समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते म्हणा. ठरत नसेल तर नाव आहेच की त्याला.

दया नव्हे, कायदा

आता जरा नियमांकडे वळू. कंटाळवाणं वाटेल, पण ऑफिसच्या खिडकीवर उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. 'मॅडम, प्लीज काहीतरी करा ना' आणि 'मॅडम, २०१६च्या कायद्याप्रमाणे ही सोय द्यायला हवी', या दोन वाक्यांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७पासून लागू झाला. आधीचा कायदा १९९५चा. तोही आपोआप आला नव्हता, जावेद अबिदी यांच्यासारखे व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते त्यासाठी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते. जुन्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात २१ आहेत. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाच्या मर्यादेत ५ वर्षांची सूट आहे.

पण या कायद्यातली खरी कामाची गोष्ट वेगळी आहे. तिला इंग्रजीत 'रीझनेबल अकॉमोडेशन' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर संस्थेवर अवाजवी बोजा न पडता, त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून करायचा वाजवी बदल. लेक्चर तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणं हा असा बदल. प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात छापणं हाही तसाच. आणि अशी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव करणं, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. 'आम्ही काही वाईट वागवत नाही हो त्याला' हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही.

रायटरचंच घ्या. कागदोपत्री शब्द 'लेखनिक'. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. रायटर स्वतः आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून मागायचा, हे विद्यार्थी ठरवू शकतो असंही त्या सूचनांत होतं. अशा सूचना वेळोवेळी बदलतात आणि विद्यापीठांची स्वतःची परिपत्रकंही असतात. म्हणून परीक्षा विभागाकडून चालू परिपत्रक मागून घ्या, त्याची प्रिंट फाइलला लावा.

'तुझं अपंगत्व ४० टक्के भरत नाही, मग रायटर नाही' हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. ते शेवटचं उत्तर समजू नका. यूपीएससीची परीक्षा देणाऱ्या एका उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला लागलं की हात आखडायचा. त्याला लेखनिक नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१मध्ये 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. लिहिण्यात खरी अडचण आहे का, हे बघायचं. त्यानंतर २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. ठरलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, पण दार उघडं आहे.

त्याच वर्षीची दुसरी केस मात्र वाचून जीव हळहळतो. २०२१च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर जादा वेळ दिला नाही, पेपर इतरांबरोबरच काढून घेतला. ती आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यावर अन्याय झाला, तिला तो तास मिळायलाच हवा होता, हे न्यायालयाने मान्य केलं. पण तिच्यासाठी परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितलं नाही. एनटीएला म्हटलं, नुकसान भरून काढायला काय करता येईल ते तुम्ही बघा. म्हणजे हक्क सिद्ध झाला, हातचा पेपर गेला तो गेलाच. नियम पुस्तकात होता, त्या दिवशी त्या हॉलमधल्या माणसांना तो माहीत नव्हता. म्हणून तुमचा सगळा जोर पेपरच्या आधीच्या आठवड्यांवर हवा. पेपरच्या सकाळी सुपरव्हायझरशी वाद घालून फारसं काही हाती लागत नाही, आणि वाद चालू असतो तेव्हा वेळ ज्याचा जातो तो विद्यार्थी घामाघूम होऊन बाकावर बसलेला असतो.

अर्ज लिहिता येतो का?

आपल्या पिढीला रील बनवता येतं, पिटिशनला सह्या गोळा करता येतात. साधा अर्ज लिहिता येत नाही. थोडं टोचेल, पण बघा विचार करून.

कुणाकडून शिकायचं? वॉशिंग्टनमध्ये गॅलोडेट नावाचं कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे, १८६४पासूनचं. १९८८पर्यंत, म्हणजे १२४ वर्षांत, तिथे एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये विश्वस्तांनी पुन्हा एका ऐकू येणाऱ्या बाईंना अध्यक्ष नेमलं. त्यांना खुणांची भाषाही येत नव्हती. विद्यार्थ्यांनी कॅम्पसची गेटं बंद केली. पण नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. चार मागण्या लिहून काढल्या. नव्या अध्यक्षांनी पायउतार व्हावं आणि कर्णबधिर व्यक्ती अध्यक्ष व्हावी. विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा द्यावा. मंडळात ५१ टक्के सदस्य कर्णबधिर असावेत. आंदोलन करणाऱ्या कुणावरही कारवाई होऊ नये. बस्स. आठवड्याभरात चारही मान्य झाल्या आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. मागण्या मोजता येण्याजोग्या होत्या, त्या पूर्ण झाल्या की नाही हे कुणालाही सांगता आलं असतं. पुढे कोण उभं होतं हेही बघा. स्वतः कर्णबधिर विद्यार्थी. ऐकू येणारी माणसं सोबत होती, पण नेतृत्व त्यांच्याकडे नव्हतं.

आता आपल्या कॉलेजकडे या. 'कॉलेजमध्ये दिव्यांगांसाठी सुविधा पुरवाव्यात ही नम्र विनंती' असा अर्ज दिलात तर त्यावर 'विचार करू' याशिवाय कोण काय उत्तर देणार? त्याऐवजी असं लिहा: 'एसवायबीए 'ब' तुकडीची मंगळवार आणि गुरुवारची लेक्चर्स खोली क्र. ३०४ऐवजी तळमजल्यावरच्या १०२मध्ये घ्यावीत. टाइमटेबलप्रमाणे ती खोली त्या वेळी रिकामी असते. पुढच्या सोमवारपर्यंत कळवावं.' काय हवं, कुठे, कधीपर्यंत आणि ते कसं शक्य आहे, सगळं आलं. समोरच्याला 'हो' म्हणणं सोपं करून दिलंत. रिकामी खोली शोधायचं काम मात्र तुम्ही करायचं. शिपाई काकांना विचारा, कुठल्या खोलीला कधी कुलूप असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

अर्जावर सही ज्याची गरज आहे त्याची. सोबत सीआर म्हणून किंवा वर्गमित्र म्हणून तुमच्या सह्या चालतील. दोन प्रती काढा. एक ऑफिसला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. 'ठेवून जा, मी देते सरांना' असं मॅडम म्हणाल्या तरी हसतमुखाने, 'मॅडम, तेवढा इनवर्डचा शिक्का देता का, घरी दाखवायचाय' असं म्हणत तिथेच उभे राहा. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. सरांनी तोंडी 'हो, करतो' म्हटलं तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल: 'सर, आज आपण अमुक मान्य केलंत त्याबद्दल आभार.' आभाराचा मेल कुणाला झोंबत नाही, आणि पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पुराव्यांवरून आठवलं. रॅम्पची तक्रार करायची असेल तर 'रॅम्प फार उभा आहे' असं म्हणू नका, टेप घेऊन मोजा. साधारण नियम एकास बाराचा आहे. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार. कितीतरी ठिकाणी दोन पायऱ्यांवर चार फुटांची सिमेंटची घसरगुंडी करून ठेवलेली असते. त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही, उतरताना तर माणूस तोंडावर पडायचा. फोटो, माप आणि नियम एकाच कागदावर आले की चर्चा 'आहे ना रॅम्प' इथे अडत नाही.

आणखी एक युक्ती. तुमच्या कॉलेजचं नॅक मूल्यांकन झालं असेल, तर त्याचा स्वमूल्यमापन अहवाल बहुधा कॉलेजच्या साइटवर सापडेल. गेल्या काही वर्षांच्या अहवालांत दिव्यांगस्नेही परिसराचा स्वतंत्र मुद्दा असायचा. रॅम्प-लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, स्क्रीन रीडर, रायटर आणि वाचकाची सोय, यांतलं काय काय आहे ते कॉलेजने स्वतःच लिहून दिलेलं असतं. तो उतारा प्रिंट करून न्या आणि अगदी नम्रपणे विचारा, 'सर, यात स्क्रीन रीडर असलेला कॉम्प्युटर आहे असं लिहिलंय. तो कुठे आहे? आमच्या मित्राला वापरायचा होता.' यात भांडण कुठेच नाही. फक्त त्यांचंच वाक्य त्यांना वाचून दाखवायचं.

रायटर व्हाल तर

सिस्टीम सुधारेपर्यंत रायटर लागणारच, तेव्हा ते कामही नीट शिकून घ्या. पेपरच्या किमान एक-दोन दिवस आधी भेटा, एखादं उत्तर लिहून बघा. तो किती वेगाने सांगतो, परिच्छेद कुठे तोडतो, इंग्रजी नावं मराठी पेपरात कशी लिहायची, हे ठरवून घ्या. हॉलमध्ये आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचून दाखवा, मार्कांसकट. 'कोणतेही तीन' ही सूचना गाळलीत तर त्याचं अख्खं गणित कोलमडेल. मधूनमधून किती वेळ उरलाय ते सांगा. तो सांगेल तसंच लिहा, तितकंच लिहा. तुम्हाला उत्तर येतंय आणि तो चुकतोय असं वाटलं तर चेहरा कोरा ठेवा. 'नक्की?' असं विचारणंसुद्धा सूचना देण्यात मोडतं. आणि तुम्हाला काही माहिती जास्त आहे म्हणून त्याच्या उत्तरात एक छानसं वाक्य घुसडलंत, तर ते उत्तर त्याचं राहत नाही. त्याला मिळालेला मार्क त्याचाच आहे, हे त्याला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

वर्षभराच्या नोट्सचा प्रश्न तर याहून मोठा आणि सोडवायला याहून सोपा. आपण फळ्याचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. स्क्रीन रीडरला तो फोटो म्हणजे नुसतं एक चित्र, आत काय लिहिलंय ते त्याला आपोआप कळत नाही. तीच गत स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफची. आणि मराठी माध्यमातल्यांची आणखी एक खास अडचण. सरांनी नोट्स टाइप करून दिल्या तरी त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. आपल्याला स्क्रीनवर सुरेख मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर त्याचा भलताच इंग्रजी पाला वाचून दाखवतो. उपाय एकच, युनिकोडमध्ये टाइप करा. वर्गात पाच जणांनी विषय वाटून घेतले तर आठवड्याला प्रत्येकाचा तासभर जाईल. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विंडोजसाठी फुकट मिळतो, अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये टॉकबॅक आधीच असतो. तुमच्या नोट्स त्यावर कशा ऐकू येतात ते डोळे मिटून एकदा ऐका.

पुस्तक स्कॅन करून मजकुरात बदललं तर कॉपीराइटचा भंग होईल ही भीती असेल तर ती सोडा. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून देण्याची, शैक्षणिक वापरासाठी त्यांना ते देण्याची मुभा आहे. अर्थात ती फाइल अख्ख्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायची नाही. हे काम कॉलेजने मनावर घेतलं तर कसं करता येतं ते बघायचं असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर बघा. २००३पासून ते चालू आहे आणि एका कॉलेजपुरतं राहिलेलं नाही.

दिसत नाही ते

२१ प्रकार म्हटलं ना, त्यांतले बरेचसे बघून कळत नाहीत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ऑटिझम, मानसिक आजार, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता. सिकल सेल तर आपल्या विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत आहे. धडधाकट दिसणारा मुलगा अचानक चार दिवस गायब होतो, कारण हाडांत असह्य कळा येऊन तो दवाखान्यात पडलेला असतो. परत आला की कट्ट्यावर 'काय रे, पुन्हा नाटक?' आणि ऑफिसात '७५ टक्के हजेरी भरत नाही'. इथे तुमचं काम सोपं आहे. कट्ट्यावरचा तो जोक हसण्यावारी नेऊ नका. आणि हजेरीच्या सवलतीचा अर्ज वर्षाच्या शेवटी नाही, पहिल्यांदा गैरहजर राहिला त्याच आठवड्यात दवाखान्याच्या कागदांसह द्यायला त्याला मदत करा.

नाहीच ऐकलं तर?

एक पायरी वर जायचं. विभागप्रमुख, प्राचार्य, कॉलेजचा समान संधी कक्ष, विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग. समान संधी कक्ष पुष्कळदा कागदावरच असतो. त्याच्या समन्वयकांचं नाव विचारा, कुणालाच सांगता आलं नाही तर तो मुद्दाही अर्जात लिहा. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. 'मागच्या वर्षी किती विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवले?' एवढा एक प्रश्नसुद्धा पुष्कळ हालचाल करतो. त्याच्याही वर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे हक्क डावलल्याची लेखी तक्रार करता येते, आणि तिथे तुमच्या त्या शिक्का मारलेल्या प्रती, फोटो, आभाराचे मेल कामाला येतात.

सोशल मीडिया शेवटी. आणि तेही ज्याचा प्रश्न आहे त्याने 'टाका' म्हटल्यावर, त्याने मजकूर वाचल्यावर. त्याचा चेहरा नको असेल तर रॅम्पचा फोटो टाका, कुलपाचा टाका. करुण संगीत लावू नका. मीटिंगला बोलावणं आलं तर तुम्ही एकटे जाऊ नका, त्याला सोबत न्या. प्राचार्यांनी तुमच्याकडे बघून 'याला काय हवंय?' असं विचारलं तर गप्प बसा आणि त्याच्याकडे बघा. दोन सेकंद अवघड जातील, मग तो बोलेल. एखादा मुद्दा राहिलाच तर बाहेर आल्यावर त्याला सांगा, पुढच्या वेळी तो मांडेल.

आणि तो रात्री नऊचा मेसेज? तो थांबवायचा तर सुरुवात जून-जुलैतच करावी लागेल. एनएसएसच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. इच्छुक रायटरांची यादी करा, नाव, विषय, कोणत्या भाषेत लिहिता येतं, कोणत्या वेळा मोकळ्या. ज्युनिअर कॉलेजच्या मुलांनाही विचारा, कारण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. यादी कुणाच्या फोनमध्ये नको, परीक्षा विभागात हवी, नाहीतर तुम्ही टीवायला पास होऊन गेलात की तीही तुमच्याबरोबर जाईल. वर्गातल्या ज्या मित्राला रायटर लागतो त्यालाच ती तपासायला द्या, कुणाचं अक्षर आणि कुणाचा वेग चालतो हे त्याला नेमकं माहीत असतं. आणि परीक्षेचे फॉर्म भरायची नोटीस लागेल त्याच आठवड्यात त्याचा अर्ज आत गेलेला असू दे. दोन प्रती, एकीवर शिक्का.